खळं कोणाच्या वावरात

"अम्मा, ये निमबटई बोले तो क्या?"

साहेबांनी मला खुर्चीसुद्धा दाखवली नाही, आधी हे विचारलं. साहेब म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख डॉक्टर. आदिलाबादहून निर्मलकडं निघालं की रस्त्यावर आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल लागतं. तिथं अठरा वर्षं झाली, मी रक्त काढायचं आणि तपासायचं काम करते. साहेब घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी हिंदी, आणि बिनसलं की मला 'अम्मा' म्हणतात. त्या दिवशी अम्मा पहिल्याच वाक्यात आली, म्हणजे माझं काही खरं नव्हतं.

त्यांच्या हातात माझाच मराठी कागद होता आणि त्याच्याखाली त्याचं इंग्रजी. परदेशातल्या एका विद्यापीठाच्या दवाखान्याबरोबर आमच्या हॉस्पिटलचा सिकलसेलचा प्रोजेक्ट ठरत होता. सिकलसेल म्हणजे आमच्या भागातलं जुनं दुखणं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, मग लेकरांची हाडं अशी ठणकतात की पाहवत नाही. पैसा देणारी संस्था आणखी तिसऱ्याच देशातली. तिची अट अशी, की दोन दवाखान्यांची भागीदारी बरोबरीची पाहिजे, आणि ती गावातल्या माणसाला त्याच्या बोलीत समजली पाहिजे. तेलुगू कागद एका नर्सनं केला, गोंडी एका मास्तरांनी, आणि मराठी माझ्या गळ्यात पडला, कारण दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आमच्याकडं मी एकटीच. मग हे कागद अनोळखी माणसाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचे, म्हणजे मधल्यामध्ये कोणी काही घुसडलं असेल तर कळतं. माझा कागद पुण्याला गेला होता.

आणि पुण्याहून आलेल्या इंग्रजीप्रमाणं, ते परदेशी विद्यापीठ म्हणजे आमच्या हॉस्पिटलचं शेत अर्ध्या वाट्यानं कसणारं कूळ झालं होतं.

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. मूळ इंग्रजी शब्दासाठी कोणीतरी मला 'समन्यायी भागीदारी' असं सुचवलं होतं. मी तो शब्द घरी बाबांना वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "कोन्या देवाचं नाव हाय हे?" नुसतं भागीदारी म्हणावं, तर आमच्या बाजारात भागीदारी म्हणजे दोन साडूंनी मिळून टाकलेलं दुकान. तिसऱ्या वर्षी ते दोघं रस्त्याच्या दोन बाजूंनी चालतात. मग मला बटई आठवली. बाबांनी जन्मभर एका व्यापाऱ्याचं वावर बटईनं केलं, अर्ध्यात जवारी आणि अर्ध्यात वांगी-कोथिंबीर. निमबटई म्हणजे वावर एकाचं, राबणं दुसऱ्याचं, बी-खत निम्मं निम्मं आणि पीकही निम्मं. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही समजतं. मी मोठ्या ऐटीत लिहिलं, 'दोन्ही दवाखान्यांची निमबटई राहील', आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

साहेबांना हे सगळं सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. कुळाला तेलुगूत कौलदार म्हणतात. "तुम तो उनको कौलदार बना दिये मा! शाम को कॉल है. तुमीच समझाना."

नोकरीची भीती नव्हती हो, अठरा वर्षांच्या टेक्निशियनला कोण काढतं? भीती एकाच गोष्टीची होती. माझ्या एका शब्दापायी प्रोजेक्ट बोंबलला, तर एका बाईला मी कायमचं तोंड दाखवू शकणार नव्हते.

ही बाई बेल्याकडची, पैनगंगेच्या काठावरच्या गावातली. कास्तकाराची बायको, कपाशी आणि जवारीचं घर. चार वर्षांपूर्वी असाच एक दुसरा परदेशी प्रोजेक्ट आला होता, त्याचं रक्त घ्यायला आम्ही तिच्या गावच्या शाळेच्या वऱ्हांड्यात बसलो होतो. तिच्या मोठ्या पोराला सिकलसेल. ती सोळा वर्षांच्या पोरीचं मनगट धरून आली आणि म्हणाली, "हिचंबी पाहा. सोयरीक कराच्या आधी मले मालूम पायजे." बाई शाळेत गेली नव्हती, पण दुखणं पुरतं समजली होती. पोरगी धडधाकट दिसली तरी तिच्या रक्तात ते लपलेलं असू शकतं, आणि नवऱ्याच्या रक्तातही असलं तर लेकरू आजारी निघतं. एक लेकरू तळमळताना तिनं पाहिलं होतं. नातवाचं तिला पाहायचं नव्हतं.

मी तिला म्हटलं, तीन महिन्यांत रिपोर्ट येईल. मी म्हटलं. साहेबांनी नाही, त्या परदेशी लोकांनी नाही. जीभ माझी.

नळ्या मी स्वतः बर्फात भरल्या. मी हैदराबादच्या पलीकडं कधी गेले नाही, पण माझ्या हातच्या नळ्या विमानात बसून गेल्या, याचं मला तेव्हा लय कौतुक वाटलं होतं. पुढं प्रोजेक्ट संपला. तिकडची माणसं बदलली. आम्ही विचारलं की गोड गोड उत्तर यायचं, मग तेही थांबलं. आमच्याकडं खात्रीनं सांगणारं यंत्र नव्हतं. एक झटपट चाचणी होती, ती त्या पोरीच्या वेळी एकदा हो म्हणाली आणि एकदा नाही. मी बाईला म्हटलं, चंद्रपूरला नाहीतर नागपूरला जाऊन तपासून घ्या. तर ती ताठ उभी राहून म्हणाली, "एकडाव देल्लं नं जी रक्त? ते कुठी गेलं ते सांगा आधी. दुसऱ्यांदा काऊन देऊ?"

दर महिन्याला ती पोराचं औषध घ्यायला यायची आणि माझ्या खिडकीशी थांबायची. "ताई, माह्या पोट्टीचा रिपोट?" पहिल्या वर्षी मी उत्तरं दिली. दुसऱ्या वर्षापासून ती फाटकातून दिसली की मी स्टोअररूममध्ये शिरायची. एकदा आत कापसाच्या बंडलांमागं उभी होते, तर बाहेरून आवाज आला, "ताई, चपला बाहीर हायेत तुमच्या." इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. पोरगी वीस वर्षांची झाली. सोयरीक आली की बाईचं एकच, रिपोट येऊ द्या. गाव नावं ठेवायला लागलं होतं.

म्हणून त्या संध्याकाळी मी कॉलसाठी कॉम्प्युटरसमोर बसले, शेजारी साहेब, इकडचं बोलणं तिकडं करून सांगायला. पडद्यावर परदेशी प्रोफेसर बाई. पिकलेले केस, हातात मोठा कप, आमच्याकडं दिवेलागण आणि त्यांच्याकडं नुकतं उजाडलेलं. मला वाटलं आता झापतील. तर त्या म्हणाल्या, "मला एक सांगा. आम्ही जर कूळ, तर वावराचा मालक कोण?"

बाप्पा! हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. पण तोंडाला आवर कोणी घालावा? मी म्हटलं, "वावर आमचं. दुखणं आमचं, रक्त आमच्या लोकांचं. तुम्ही बी आणि अवजार घेऊन आलात." साहेबांनी टेबलाखाली माझा पाय दाबला आणि त्याचं दोन वाक्यांचं मऊसूत इंग्रजी करून दिलं. बाई हसल्या. म्हणाल्या, "त्या एवढं बोलल्या आणि तुम्ही एवढंसंच सांगितलं. बाकीचं कुठं गेलं?"

तिथंच ती बाई मला आवडली.

मग त्यांनी वही काढली आणि खोदून खोदून विचारलं. बी कोण निवडतो? राखण कोणाची? पीक बुडालं तर नुकसान कोणाचं? आणि मालकानं फसवू नये म्हणून काय करतात? मी म्हटलं, खळं असतं ना. पीक कापलं की वावरातच जागा सारवून खळं करतात. मळणी तिथं, रास तिथं. दोघंही समोर असल्याशिवाय रास मोजत नाहीत, आणि मोजायच्या आधी सूपभर दाणासुद्धा कोणी घरी नेत नाही. नेला तर पंचायत बसते. मक्ता वेगळा. मक्त्यात एकदा रक्कम दिली की पीक सगळं मक्तेदाराचं, मालकानं नुसतं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून पाहायचं.

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "आपल्या प्रोजेक्टात खळं कुठं आहे?"

मी कागद पाहिला. तो मीच तर मराठीत केला होता. रक्त त्यांच्याकडं जाणार, यंत्र त्यांच्याकडं, रिपोर्ट यथावकाश. 'यथावकाश' हा शब्द माझ्याच हातचा. मी म्हटलं, "खळं तुमच्या घरी आहे. म्हणजे मी लिहिलं ते खोटं आहे. ही निमबटई नाही, हा मक्ता झाला. मागच्या लोकांनी तेच केलं, आणि मक्त्याची रक्कमही आमच्या गावाला दिली नाही."

या वेळी साहेबांनी पाय दाबला नाही. त्यांनी ते सगळंच्या सगळं इंग्रजीत सांगितलं, आणि वर स्वतःचंही काही घातलं, कारण ते माझ्यापेक्षा दुप्पट वेळ बोलत होते. चेहरा लाल झालेला. इतक्या वर्षांत ते या गोष्टीवर एवढे जळत असतील, हे मला माहीत नव्हतं.

प्रोफेसर बाई म्हणाल्या, दोन रस्ते आहेत. शब्द बदलायचा तर आज होतं. बेत बदलायचा तर पैसे देणाऱ्यांकडं परत जावं लागेल, आणि ते कदाचित नाहीच म्हणतील. मी विचारलं, हा पैसा आधी तुमच्याकडं आणि मग आमच्याकडं असा उंबरे झिजवत काऊन येतो? सरळ का येत नाही? त्या स्पष्ट बोलल्या. ज्या संस्थेनं असा पैसा आधी हाताळला, तिलाच पुन्हा देतात. मी म्हटलं, "मग आम्ही पहिल्यांदा कधी हाताळावं? पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नको, त्यातली गत झाली ही." बाईंनी हेही लिहून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, शब्द राहू द्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "कडबा कोनाचा ठरला?"

"बाबा, रक्ताच्या तपासणीत कडबा कुठून येईल?"

"येते. दान्यासाठी कोनी भांडत नाही. भांडन कडब्यापासून सुरू होते."

दोन दिवस मी ते डोक्यात घोळवलं, तेव्हा कुठं उजेड पडला. दाणा वाटून झाल्यावर वावरात जे उरतं ते कडबा. मग प्रोजेक्ट संपल्यावर जे उरणार, ते यंत्र, तो फ्रीजर, त्या नावांच्या याद्या, ते कोणाचं? पुढच्या कॉलमध्ये मी तेच विचारलं. करारात आता त्याचं एक वेगळं कलम आहे, यंत्र इथंच राहील म्हणून. त्या कलमाशेजारी समासात प्रोफेसर बाईंनी इंग्रजी अक्षरांत 'कडबा' लिहिलंय. साहेबांनी मला बोलावून दाखवलं तेव्हा आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

हे व्हायला वर्षभर लागलं, आणि सगळं निम्मं निम्मं झालं असं म्हणाल तर ती बोलाचीच कढी होईल. पैसा अजूनही त्यांच्या उंबऱ्यावरून येतो. छापील लेखावर पहिलं नाव कोणाचं, यावर साहेब आणि त्या अजून हुज्जत घालतात. पण यंत्र आलं. लाकडी खोक्यातून निघालं तेव्हा मी त्याला हळद-कुंकू लावलं, आणि तेलुगू नर्सनं नारळ फोडला. रिपोर्ट पंधरा दिवसांत गावात पोचला पाहिजे, हे कागदावर आलं.

माझं काम मात्र एका पोरीशी अडलेलं होतं. जुनं रक्त कुठं गेलं ते कळल्याशिवाय तिची माय नवं देणार नव्हती. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत प्रोफेसर बाईंना पत्र लिहिलं. नळीचा नंबर माझ्या रजिस्टरात होता. मागच्या प्रोजेक्टातलं कोणीतरी त्यांच्या ओळखीचं निघालं, आणि तीन आठवड्यांनी मागच्या प्रोजेक्टाचा छापील लेख आणि सोबत एक पान आलं. नाव नाही, नुसता नंबर. मी नंबर जुळवला. पोरगी निरोगी. रक्तात सिकलचा मागमूस नाही.

मी लॅबमध्ये टाळी वाजवली. मग खाली तारीख पाहिली.

रक्त घेतल्यावर अडीच महिन्यांतली तारीख. म्हणजे मी सांगितलेल्या तीन महिन्यांच्या आतच तो रिपोर्ट तयार होता. चार वर्षं मी कापसाच्या बंडलांमागं लपत होते, आणि तिकडं एका कॉम्प्युटरात तो आरामात पडून होता. परत पाठवायचं कोणाच्या कामातच लिहिलेलं नव्हतं, म्हणून कोणी पाठवला नाही. माझी कानशिलं अशी तापली, की समोर कोणी असतं तर कानाखाली वाजवली असती. साहेब हळूच म्हणाले, नव्या यंत्रावर पुन्हा तपासून नव्या तारखेचा कागद द्यावा, बाईचा जीव कशाला जाळायचा? खरं सांगते, मला मोह झाला. पण तिनं माझ्याकडं रिपोर्टाआधी एकच गोष्ट मागितली होती, रक्ताचं काय झालं ते सांगा.

रविवारी मी एकटीच बसनं गेले. कपाशी वेचायचे दिवस होते. बाई आणि पोरगी नुकत्याच वावरातून येऊन ओसरीवर कापूस निवडत होत्या. मला पाहून बाई उठली. मी उभ्यानंच म्हटलं, "पोट्टी निरोगी हाय. काहीच नाई तिच्या रक्तात."

बाईनं डोळे मिटले. मग "माय वं, माय वं" करत आत गेली, माझ्यासाठी गूळ आणायला.

पोरीनं कागद मागितला. ती बारावी झालेली. तिनं वरून खाली सावकाश वाचला आणि बोट खाली ठेवलं. "ताई, ही तारीख?"

"तवाचीच आहे."

"म्हणजे तो खताच्या दुकानाचा पोरगा मले पाहाले आला होता, तवा हे तयार होतं?"

मला त्या पोराचं काही माहीत नव्हतं. बाई गुळाची वाटी घेऊन दारात उभी होती. तिनंच सांगितलं, "दोनदा आला बिचारा. दोन्ही डाव मी म्हटलं, रिपोट येऊ द्या. आठ महिने थांबला, मंग लगन केलं त्यानं दुसरीकडे." तिनं वाटी खाली ठेवली.

मला रडू आलं. मी दोघींना हात जोडले, चुकलं म्हटलं, माझंही चुकलं म्हटलं. पोरगी माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "त्याईनं हे कोनाले सांगतलं तरी का?"

"पुस्तकात छापलं. डॉक्टर लोक वाचतात त्यात."

"आमच्या गावाचं?"

"गावाचं नाव आहे. किती निरोगी, किती आजारी, सगळं."

"मंग त्या निरोग्याईत मी होती." तिनं मायकडं पाहिलं. "साऱ्या दुनियेले सांगतलं, एका माह्या मायले सोडून."

बाई तिच्याजवळ कापसातच बसली. आवाज अगदी लहान झाला होता तिचा. "तुले पसंत होता नं वं तो?"

पोरगी कागदाची घडी घालत होती.

"होता," ती म्हणाली.